खाक्या आणि कलम

मराठी वर्तमानपत्र वाचणाऱ्या कुणाच्याही डोळ्यांखालून हे वाक्य गेलेले असते: ‘पोलिसी खाक्या दाखवताच त्याने गुन्ह्याची कबुली दिली.’ घरफोडी असो, मंगळसूत्राची चोरी असो, खून असो, वाक्य ठरलेले आहे. सकाळच्या चहाबरोबर आपण ते वाचतो आणि पुढच्या बातमीकडे वळतो. त्या वाक्याचा अर्थ असा, की सरकारी पगार घेणाऱ्या माणसाने सरकारी खोलीत, कायद्याने ताब्यात दिलेल्या माणसाला तो बोलेपर्यंत मारले. हा गुन्हा आहे. तो ठाण्याने स्वतःहून सांगितला, वार्ताहराने कौतुकाने टिपला, छापून घरोघरी गेला आणि कुठेही फिर्याद नोंदली गेली नाही. ‘बोलते केले’, ‘कसून चौकशी केली’, ‘पोपटासारखा बोलू लागला’ ही सगळी त्याच कुळातली वाक्ये. ज्या भाषेत मी लिहिते तिने कोठडीतल्या माराला इतके गोंडस शब्द दिले, याची मला लाज वाटते.

कोठडीतला छळ हा स्वतंत्र, स्पष्ट व्याख्या केलेला गुन्हा ठरवणारा केंद्रीय कायदा भारतात नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने छळविरोधी करार १० डिसेंबर १९८४ रोजी स्वीकारला. भारताने त्यावर १४ ऑक्टोबर १९९७ रोजी सही केली. सही म्हणजे इरादा. बांधिलकी येते ती कराराला रीतसर मान्यता दिल्यावर, आणि ती आपण अजून दिलेली नाही. मान्यतेची तयारी म्हणून आणलेले छळ प्रतिबंधक विधेयक लोकसभेने ६ मे २०१० रोजी मंजूर केले. राज्यसभेने ते चिकित्सा समितीकडे दिले, समितीने त्याच वर्षी अहवाल दिला, आणि २०१४ मध्ये लोकसभेची मुदत संपताच विधेयक बाद झाले. २०१७ मध्ये विधी आयोगाने आपल्या २७३व्या अहवालात नवा मसुदा तयार करून दिला. तो मसुदा अजून मसुदाच आहे.

खंडन करायचे तर समोरच्याचे म्हणणे आधी पुऱ्या ताकदीने मांडले पाहिजे, ही आपल्याकडची जुनी शिस्त. तेव्हा पूर्वपक्ष असा. घटनेच्या अनुच्छेद २१ मध्ये जीविताचा हक्क आहे. दंडसंहितेत मारहाणीची, खुनाची आणि कबुलीसाठी केलेल्या मारहाणीचीसुद्धा कलमे आहेत. सर्वोच्च न्यायालयाने अटकेचे नियम घालून दिले आहेत. मानवी हक्क आयोग आहे. पोलीस हा राज्यांचा विषय, त्यात दिल्लीने हात घालू नये. आणि आधीच अपुऱ्या मनुष्यबळावर राबणाऱ्या पोलिसांच्या डोक्यावर आणखी एक कायदा टांगला तर त्यांचे मनोधैर्य खचेल, गुन्हेगार मोकाट सुटतील. हे मत निवृत्त अधिकारी मांडतात, सरकारे संसदेतल्या उत्तरांतून मांडतात आणि अनेक सज्जन वकीलही मनापासून मांडतात. त्यातला एकही मुद्दा मूर्खपणाचा नाही. पण तपासून पाहिला तर एकही टिकत नाही, असे माझे म्हणणे आहे.

‘कायदा आहेच’ या मुद्द्यापासून सुरुवात करू, कारण बाकी सगळी इमारत त्यावर उभी आहे.

जुन्या भारतीय दंडसंहितेचे कलम ३३० काढून पाहा. कबुली किंवा माहिती काढून घेण्यासाठी दुखापत करणाऱ्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा. कलमाखाली इंग्रज मसुदाकारांनी उदाहरणे दिली आहेत. पहिलेच उदाहरण असे, की ‘क’ हा पोलीस अधिकारी ‘य’ने गुन्हा कबूल करावा म्हणून त्याचा छळ करतो, ‘क’ या कलमाखाली दोषी आहे. म्हणजे १८६० मध्येही कायदा लिहिणाऱ्यांना छळ कोण करतो हे नेमके ठाऊक होते. पाचच वर्षांपूर्वी, १८५५ मध्ये, मद्रास इलाख्यात महसूल आणि पोलीस खात्याकडून होणाऱ्या छळाची चौकशी करणाऱ्या आयोगाचा अहवाल आला होता. पण छळ हा शब्द राहिला उदाहरणात. कलमाच्या मजकुरात आहे ती ‘दुखापत’, आणि दुखापतीची व्याख्या म्हणजे शारीरिक वेदना, रोग किंवा दौर्बल्य. तीन रात्री झोपू दिले नाही, बायकोला ठाण्यात आणून समोर बसवले, कानाला पिस्तूल लावून मोकळा खटका ओढला: यांतले काय दुखापतीत बसते? शिवाय कलमाला हेतूही ठरावीक लागतो. कबुली, माहिती, किंवा मालमत्ता परत मिळवणे. पैशासाठी मारले, जातीच्या रागाने मारले, मोर्चात घोषणा दिल्या म्हणून धडा शिकवायला मारले, तर हे कलम लागत नाही. उरतात ती साध्या मारहाणीची कलमे, जी शेजाऱ्याशी बांधावरून भांडण करणाऱ्यालाही लागतात.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. वसाहतकाळाचे ओझे उतरवल्याचे सांगितले गेले. कलम ३३० चे नवे नाव कलम १२०. क्रमांक बदलला, आशय तोच राहिला. छळाची व्याख्या करायला याहून सोयीची वेळ आली नसती.

पण त्याच संहितेने पूर्वपक्षाचे उत्तर स्वतःच लिहून ठेवले आहे. कलम १०३ चे दुसरे पोटकलम पाहा. पाच किंवा अधिक जणांच्या जमावाने वंश, जात, समाज, लिंग, भाषा अशा कारणावरून केलेली हत्या हा तिथे वेगळा उल्लेख केलेला गुन्हा आहे. खुनाचे कलम आधीपासून होतेच. तरी संसदेला वाटले, की झुंडीने केलेला खून हा साध्या खुनाहून वेगळ्या जातीचा अपराध आहे, त्याला नाव दिले पाहिजे. बरोबरच वाटले. मग रक्षणासाठी नेमलेल्या माणसाने, पळून जायला वाट नसलेल्या माणसावर केलेली हिंसा ही साध्या मारहाणीहून वेगळ्या जातीची नाही का? ‘आहे ते कलम पुरेसे’ हा युक्तिवाद एकीकडे सोडायचा आणि दुसरीकडे घट्ट धरायचा, हे तर्काला धरून नाही.

आता अनुच्छेद २१ कडे येऊ. माझ्या मते पूर्वपक्षाची खरी चूक इथे आहे. हक्क घटनेत लिहिला म्हणजे काम झाले, अशी समजूत त्यामागे आहे. घटनाकारांची ही समजूत नव्हती. अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली आणि तिचे आचरण हा ‘कायद्यानुसार’ शिक्षापात्र अपराध ठरवला. तो कायदा करावा लागला: १९५५ चा अस्पृश्यता अपराध अधिनियम, मग १९७६ मध्ये त्याची दुरुस्ती, मग १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा. अनुच्छेद २३ ने वेठबिगारीला १९५० मध्येच बंदी केली, पण वेठबिगार माणसाचे कर्ज रद्द ठरवून त्याला मोकळे करणारा कायदा आला १९७६ मध्ये. मधली २६ वर्षे त्या माणसाजवळ मूलभूत हक्क होता, आणि तो सावकाराच्या शेतावरच होता. शिक्षणाचा हक्क घटनेत आला २००२ मध्ये. वाडीवरच्या मुलाला शाळेच्या दारात उभे राहून ‘मला घ्या’ म्हणता आले ते २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाल्यावर.

घटनेचा अनुच्छेद ३५ फारसा कुणी वाचत नाही. मूलभूत हक्कांच्या भागात जी कृत्ये अपराध म्हणून घोषित झाली आहेत त्यांच्या शिक्षेचे कायदे फक्त संसद करील, राज्य विधिमंडळे करणार नाहीत, असे तो सांगतो. आणि संसदेने ते शक्य तितक्या लवकर करावेत असेही सांगतो. तांत्रिकदृष्ट्या हा अनुच्छेद छळाला लागू होत नाही, कारण छळाला घटनेने नाव घेऊन अपराध म्हटलेले नाही. पण त्यामागचा विचार लखलखीत आहे. माणसाच्या प्रतिष्ठेवरच्या हल्ल्याची शिक्षा देशभर एक असावी, सीमा ओलांडली म्हणून ती बदलू नये. मूलभूत हक्क भंगला तर दाद मागण्याचा अनुच्छेद ३२ म्हणजे घटनेचा आत्मा, असे डॉ. आंबेडकरांनी घटना समितीत म्हटले, ते सगळ्यांना पाठ आहे. त्यांच्याच मसुदा समितीच्या हातचा अनुच्छेद ३५ मात्र विस्मरणात गेला आहे.

‘न्यायालयाने नियम घालून दिले आहेत’ हा दुसरा आधार. डिसेंबर १९९६ मध्ये डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अटकेसंबंधी ११ निर्देश दिले. अटक करणाऱ्याच्या अंगावर नावाची पट्टी हवी, अटकेच्या पंचनाम्यावर साक्षीदाराची सही हवी, नातेवाइकाला कळवले पाहिजे, दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी हवी. हा निकाल थोर आहे. त्याने किती जणांना वाचवले असेल त्याची मोजदाद होणार नाही. पण तो तालुक्याच्या न्यायालयात कसा दिसतो ते मी पाहिलेले आहे.

वकील मैत्रिणीबरोबर गेले होते. रिमांडची वेळ होती. विशीतला एक मुलगा उभा केला होता, पायात चप्पल नव्हती. डावा पाय जमिनीला टेकवताना तो सगळे अंग चोरून घेत होता. शेजारच्या हवालदाराने त्याचे मनगट धरलेले होते. न्यायाधीशांनी कागदावरून नजर उचलून नेहमीचा प्रश्न विचारला, “पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?” मुलाने आधी मनगटाकडे पाहिले. मग म्हणाला, “नाही साहेब.” रोजनाम्यात ओळ पडली: मारहाणीबाबत तक्रार नाही. तीन दिवसांची पोलीस कोठडी मिळाली आणि पुढचे नाव पुकारले गेले. सगळे मिळून दोन मिनिटे. नंतर मैत्रिणीने मला कागद दाखवले. अटकेचा पंचनामा होता. आईला कळवल्याबद्दल आईचा अंगठा होता. ग्रामीण रुग्णालयाचा शिक्का असलेली तपासणी होती, ‘ताज्या जखमा नाहीत’ अशी. बसू निकालातला प्रत्येक कागद जागच्या जागी होता. न्यायाधीश निष्ठुर नव्हते, त्यांनी नजर उचलून विचारले होते. पण मुलगा त्याच गाडीतून, त्याच हवालदाराबरोबर, त्याच खोलीत परत जाणार होता, आणि हे त्या दालनातल्या प्रत्येकाला माहीत होते.

निर्देश कागदपत्रे निर्माण करतात. गुन्हा निर्माण करण्याचा अधिकार संसदेचा. निर्देशाचा भंग झाला तर खातेनिहाय कारवाई आणि न्यायालयाचा अवमान. त्यासाठी बहुतेक वेळा उच्च न्यायालय गाठावे लागते. चप्पल नसलेला मुलगा तिथवर जात नाही. ठाण्याची भाषा कलमाची आहे. ‘कुठले कलम लागते?’ हा तिथला पहिला प्रश्न. अनुच्छेद २१ खाली फिर्याद दाखल होत नाही.

आणि न्यायालयानेच आपल्या हातांची मर्यादा सांगून टाकली आहे. माजी कायदामंत्री अश्वनीकुमार, ज्यांनी २०१० च्या विधेयकावरच्या राज्यसभेच्या चिकित्सा समितीचे अध्यक्षपद भूषवले होते, तेच पुढे याचिका घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेले: सरकारला असा कायदा करायला सांगा. ५ सप्टेंबर २०१९ रोजी न्यायालयाने नकार दिला. कायदा करा असा आदेश आम्ही संसदेला देऊ शकत नाही, हा त्या निकालाचा गाभा. तेव्हा सरकार म्हणते न्यायालयाचे निर्देश पुरेसे आहेत, आणि न्यायालय म्हणते कायदा करणे हे आमचे काम नाही. या टोलवाटोलवीत मधला माणूस कोठडीतच राहतो. याच्या उलट अनुभवही आपल्याजवळ आहे. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाबाबत विशाखा निर्देश १९९७ चे. १६ वर्षे ते निर्देशच होते. २०१३ मध्ये कायदा झाला, तक्रार समिती न नेमणाऱ्या मालकाला ५० हजार रुपयांचा दंड आला, तेव्हा कुठे कारखान्यांच्या आणि कचेऱ्यांच्या भिंतींवर समितीच्या सदस्यांची नावे दिसू लागली.

यापुढचा मुद्दा पुराव्याचा आहे. कोठडीत साक्षीदार कोण? मारणारे, त्यांचे सहकारी आणि ज्याला मारले तो. तो मेला असेल तर पहिले दोनच. सहकारी सहकाऱ्याविरुद्ध बोलत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने एकाहून अधिक निकालांत नोंदवले आहे. १९८५ च्या रामसागर यादव खटल्यात न्यायालयाने सुचवले, की अशा प्रकरणांत पुराव्याचा भार बदलण्याचा विचार सरकारने करावा. त्याच वर्षी विधी आयोगाने ११३व्या अहवालात पुरावा कायद्यात ११४-ब हे नवे कलम घालण्याची शिफारस केली: ताब्यातल्या माणसाच्या अंगावर इजा आढळली, तर ती ताबा असलेल्या अधिकाऱ्याने केली असे न्यायालयाला गृहीत धरता यावे, उलटे सिद्ध करायची संधी अधिकाऱ्याला असावी. २७३व्या अहवालात आयोगाने तीच शिफारस पुन्हा केली. पुराव्याचा नवा अधिनियम आला, त्यातही ते कलम नाही.

हे गृहीतक भारतीय कायद्याला परके आहे का? मुळीच नाही, आणि त्याचा पुरावा महाराष्ट्रातलाच आहे. १९७२ च्या मार्चमध्ये, तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात आणि आज गडचिरोलीत असलेल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीला रात्री थांबवून घेतले गेले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तिच्यावरच्या लैंगिक अत्याचाराबद्दल दोषी ठरवलेल्या दोघा पोलिसांना सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये निर्दोष सोडले. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, म्हणजे संमती होती, असा त्या निकालाचा तर्क. पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या चार कायदेतज्ज्ञांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. बायका रस्त्यावर आल्या. १९८३ मध्ये संसदेने कायदा बदलला. कोठडीतला बलात्कार हा वेगळा, अधिक कडक शिक्षेचा गुन्हा झाला, आणि पुरावा कायद्यात ११४-अ हे कलम आले: शरीरसंबंध सिद्ध झाला आणि बाईने शपथेवर संमती नव्हती असे सांगितले, तर न्यायालयाने संमती नव्हती असेच धरायचे. म्हणजे कोठडीत दुबळ्या बाजूच्या मदतीला कायद्याने धावले पाहिजे, हे तत्त्व संसदेने ४० वर्षांपूर्वीच मान्य केले आहे. ठाणे तेच, भिंती त्याच. एका अत्याचाराला ११४-अ आहे, दुसऱ्याला ११४-ब नाही.

याचा हिशोब सरकारच्याच कागदांत सापडतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २००१ ते २०२० या २० वर्षांच्या आकडेवारीत कोठडीतले मृत्यू १,८८८ आहेत. पोलिसांवर गुन्हे नोंदले गेले ८९३. आरोपपत्र गेले ३५८ पोलिसांवर. शिक्षा झाली २६ जणांना. यातले काही मृत्यू आजाराने झाले असतील, काही आत्महत्या असतील, हे मी मान्य करते. तरी ‘कायदा पुरेसा आहे’ म्हणणाऱ्याने हा २६ चा आकडा समोर ठेवून ते म्हणावे.

राज्यांच्या विषयाचे काय? संघराज्याची चाड मलाही आहे, आणि दिल्लीने प्रत्येक गोष्टीत हात घालू नये हे मलाही पटते. पण घटनेची सातवी अनुसूची नीट वाचली पाहिजे. पोलीस दल उभारणे, चालवणे हा राज्यसूचीतला विषय आहे. गुन्हे कोणते, खटला कसा चालवायचा, पुरावा कशाला म्हणायचे हे तिन्ही समवर्ती सूचीत आहेत. म्हणून तर दंडसंहिता देशभर एक आहे. शिवाय आंतरराष्ट्रीय कराराच्या अंमलबजावणीसाठी कोणत्याही विषयावर कायदा करण्याचा अधिकार अनुच्छेद २५३ संसदेला देतो. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा असाच कराराच्या पूर्ततेसाठी झाला.

राज्यांवर सोडले की काय होते याची गोष्ट मैला वाहण्याच्या प्रथेने आपल्याला शिकवली आहे. हाताने मैला उचलायला लावण्यावर बंदी घालणारा पहिला कायदा १९९३ चा. तो स्वच्छता हा राज्यांचा विषय मानून, अनुच्छेद २५२ च्या वाटेने केला गेला: काही राज्यांनी ठराव करून संसदेला विनंती करायची, आणि कायदा तेवढ्याच राज्यांत लागू व्हायचा, बाकीच्यांनी हवे तेव्हा स्वीकारायचा. ठराव करणाऱ्या सहा राज्यांत महाराष्ट्र आणि गोवा होते, याचे समाधान वाटते. पण डोक्यावर पाटी घेतलेल्या बाईच्या दृष्टीने त्याचा अर्थ काय झाला? तिचे माणूसपण ती कुठल्या राज्यात राहते यावर ठरले. अनेक राज्यांनी वर्षानुवर्षे कायदा स्वीकारलाच नाही. शेवटी २०१३ मध्ये संसदेने दृष्टीच बदलली. हा संडासांचा प्रश्न नाही, काम करणाऱ्या माणसाच्या प्रतिष्ठेचा आहे, असे धरून सगळ्या देशाला लागू होणारा कायदा केला. २० वर्षे गेली ती विषय कुठल्या सूचीत घालायचा हे उमगेपर्यंत. गटारात उतरून माणसे अजून मरतात, तो कायदाही अपुरा पडतो आहे, पण आता ‘आमच्या राज्यात हा कायदा लागू नाही’ असे कुठल्याही नगरपालिकेला म्हणता येत नाही.

राष्ट्रीय कायदा नसल्याची किंमत देश म्हणूनही आपण मोजतो. डिसेंबर १९९५ मध्ये बंगालच्या पुरुलिया जिल्ह्यात विमानातून शस्त्रास्त्रे टाकली गेली. त्यातला डॅनिश आरोपी किम डेव्ही आपल्याला हवा होता. डेन्मार्कच्या उच्च न्यायालयाने २०११ मध्ये त्याला सोपवायला नकार दिला, कारण भारतात त्याचा छळ होण्याचा धोका आहे. छळविरोधी कायदा केला तर दहशतवाद्यांचे फावेल असे जे म्हणतात, त्यांनी हे प्रकरण ध्यानात घ्यावे. कायदा नसल्यामुळे एक आरोपी आपल्या हातून निसटला.

मनोधैर्याच्या मुद्द्याला मी सर्वांत जास्त वेळ देणार आहे, कारण तो वकिलांपेक्षा सामान्य माणसाच्या मनात खोल बसलेला आहे. ‘मार दिल्याशिवाय चोर कबूल होत नाही.’ हे वाक्य माझ्या घरातल्या प्रेमळ माणसांच्या तोंडूनही मी ऐकले आहे. पण साधारणपणे पोलिसापुढची कबुली न्यायालयात चालत नाही, हा नियम १८६१ पासूनचा आहे. इंग्रजांनी तो केला कारण कबुली कशी मिळते हे त्यांना माहीत होते. म्हणजे मारून मिळालेली कबुली खटल्याला निरुपयोगी असते. उपयोग होतो तो फक्त तिच्यातून वस्तू सापडली तर, तेवढ्यापुरता. मग मार का दिला जातो? तपासाची दुसरी साधने हाताशी नसतात म्हणून. न्यायवैद्यक प्रयोगशाळेचा अहवाल महिनोन्महिने येत नाही, एका अधिकाऱ्याकडे तपासाच्या फायलींची चळत असते, वरून ‘डिटेक्शन’चा तगादा असतो. पट्टा स्वस्त पडतो.

आणि त्याची फळे कोण भोगतो? ११ जुलै २००६ ला मुंबईच्या लोकल गाड्यांत बॉम्बस्फोट झाले, १८० हून अधिक माणसे गेली. त्या खटल्यातल्या बाराही आरोपींना मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये निर्दोष ठरवले. संघटित गुन्हेगारीविरोधी विशेष कायद्याखाली नोंदवलेले कबुलीजबाब छळ करून घेतल्याचे कारण देत न्यायालयाने ते बाजूला सारले. सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये असे सांगितले, आणि वाद पुढे गेला. अंतिम निर्णय काय लागेल तो लागो. १९ वर्षांनंतर, ज्यांची माणसे संध्याकाळच्या लोकलने घरी निघाली आणि पोहोचली नाहीत, त्यांना ‘कोणी केले?’ याचे पक्के उत्तर नाही. खटल्याचा कणा कबुलीजबाबाचा केला, की तो कुठल्याही पायरीवर मोडू शकतो.

उरला तो आक्षेप मला खरोखर जड वाटतो. कायदे कागदावर राहतात. शेजारच्या श्रीलंकेने १९९४ मध्ये, बांगलादेशाने २०१३ मध्ये, पाकिस्तानने २०२२ मध्ये छळविरोधी कायदे केले, म्हणून तिथल्या कोठड्या निर्मळ झाल्या का? झाल्या नाहीत. बांगलादेशातल्या कायद्याखाली पहिली शिक्षा व्हायला २०२० उजाडले. पण ती झाली: कोठडीत मेलेल्या एका तरुणाच्या खटल्यात ढाक्याच्या न्यायालयाने तिघा पोलिसांना जन्मठेप दिली. महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायद्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकर १८ वर्षे झगडले, तेव्हाही हेच ऐकवले जात असे, की फसवणुकीची, मारहाणीची कलमे आहेतच, वेगळा कायदा कशाला? ऑगस्ट २०१३ मध्ये त्यांचा खून झाल्यावर आठवड्याच्या आत अध्यादेश निघाला. कायद्याच्या अनुसूचीत भोंदूगिरीची कृत्ये एकेक करून लिहिली आहेत. खेड्यातल्या कार्यकर्त्याला ती अनुसूची फौजदारापुढे ठेवून बोट दाखवता येते. सगळ्या अंधश्रद्धा संपल्या नाहीत, पण बोट ठेवायला जागा झाली.

अशी जागा नसली की काय होते ते परभणीने दाखवले. डिसेंबर २०२४ मध्ये तिथे संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, आंदोलन पेटले, धरपकड झाली. त्यात पकडलेला कायद्याचा एक विद्यार्थी न्यायालयीन कोठडीत मरण पावला. कायद्याने बंधनकारक असलेली न्यायदंडाधिकाऱ्यांची चौकशी झाली, तिने पोलिसांवर ठपका ठेवला. तरी गुन्हा नोंदला जाईना. आईला उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात जावे लागले. जुलै २०२५ मध्ये खंडपीठाने गुन्हा नोंदवा म्हटल्यावर राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि तिथे सरकारचे म्हणणे फेटाळले गेले. एवढी सगळी चढण कशासाठी? शिक्षेसाठी नव्हे, नुकसानभरपाईसाठी नव्हे. फक्त फिर्याद लिहून घेतली जावी यासाठी. चौकशीनंतर कुणी, किती दिवसांत, काय करायचे हे स्पष्ट शब्दांत लिहिलेला कायदा असता, तर त्या आईच्या वाट्याला निदान ही पायपीट आली नसती.

म्हणून कायदा कसा असावा यालाही महत्त्व आहे. २०१० च्या विधेयकाला मी पाठिंबा दिला नसता. त्यात छळ ठरायला गंभीर दुखापत किंवा जिवाला धोका लागत होता आणि तक्रारीला सहा महिन्यांची मुदत होती. ज्याला पुन्हा त्याच ठाण्याच्या हद्दीत राहायचे आहे त्याला धीर गोळा करायला सहा महिने पुरत नाहीत. २०१७ चा मसुदा पुष्कळ बरा आहे: मानसिक छळ, भरपाई, साक्षीदारांचे संरक्षण हे त्याने विचारात घेतले. खटल्यासाठी सरकारची परवानगी लागते हा जुना अडसर. नव्या नागरिक सुरक्षा संहितेने १२० दिवसांत निर्णय न झाल्यास परवानगी मिळाली असे समजावे अशी तरतूद केली आहे. ही चांगली सुधारणा आहे आणि तिचे श्रेय दिले पाहिजे. छळाच्या गुन्ह्यात तर परवानगीची गरजच नको, कारण माणसाचा छळ करणे हा कुठल्याच सरकारी कर्तव्याचा भाग असू शकत नाही.

मूळ करारात एक वाक्य आहे, ज्यावर आपल्याकडच्या चर्चेत फारसे बोलले जात नाही: वरिष्ठाचा हुकूम होता, हे छळाचे समर्थन ठरणार नाही. हे वाक्य हवालदाराच्या विरोधात आहे असे आपण समजतो. मला त्या दिवशी न्यायालयात मुलाचे मनगट धरून उभा असलेला हवालदार आठवतो. पन्नाशीचा, दाढीचे खुंट वाढलेले, रात्रपाळीहून थेट आलेला. त्या मुलाला त्याने मारले होते की नाही, मला माहीत नाही. आज रात्री साहेबांनी ‘जरा खाक्या दाखव’ म्हटले तर त्याला नाही म्हणायला काहीही आधार नाही. नाही म्हटले तर बदली, हो म्हटले तर कदाचित उद्या साहेबांऐवजी तोच निलंबित. तसा कायदा झाला तर त्याच्या तोंडी एक वाक्य येईल, जे आज त्याच्याजवळ नाही: “साहेब, कलम लागेल.”